हातोहात झेंडा : धर्माबादच्या वाटेवरचा

धर्माबादला आज आपण महाराष्ट्राचे टोक म्हणतो. मनमाडकडून येणारी गाडी नांदेड, मुदखेड, उमरी, करखेली अशी स्थानके घेत धर्माबादला येते आणि पुढच्या बासरला ती तेलंगणात असते. इथल्या मिरचीच्या बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते, म्हणून ही सीमा फार जुनी असावी असे वाटते. वास्तविक ती १ नोव्हेंबर १९५६ची, भाषावार प्रांतरचनेने आखलेली आहे. १९४७ साली धर्माबाद कोणत्याही हद्दीवर नव्हते. ते निजामाच्या राज्याच्या पोटातले, निजामाच्याच रेल्वेवरचे गाव होते आणि निजामाबादला जाताना कुठलीही हद्द ओलांडावी लागत नव्हती. स्वतंत्र भारताची हद्द लागायची ती उत्तरेला, पैनगंगा ओलांडून वऱ्हाडातल्या उमरखेडच्या बाजूला गेल्यावर. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा धर्माबाद, उमरी, बिलोली, कंधार, उदगीर, लातूर या साऱ्या मुलखात तो चढवणे हा गुन्हा होता. तरीही तो इथे आला, गावोगाव गेला आणि चढला. म्हणून या परिसरातला झेंड्याचा इतिहास लिहायचा तर तो उभारण्याच्या समारंभांचा लिहून भागत नाही, तो वाहून नेणाऱ्यांचा लिहावा लागतो. माझे म्हणणे असे की, एका हातातला झेंडा पडण्याआधी दुसरा हात पुढे तयार ठेवायचा ही जी रीत राष्ट्रीय चळवळीने घडवली, तिच्यातूनच मराठवाड्यातली मुक्तिसंग्रामाची संघटना उभी राहिली. आज स्वयंसेवकांची पथके तिरंगा घेऊन टप्प्याटप्प्याने शेकडो किलोमीटर धावतात. त्यांच्या धावण्याचे मोलही याच रीतीच्या कसोटीवर ठरवता येते.

या रीतीचा पहिला मोठा प्रयोग नागपूरला झाला. मार्च १९२३मध्ये जबलपूरला पंडित सुंदरलाल यांच्या पुढाकाराने झेंड्याची मिरवणूक निघाली, ती अडवली गेली आणि सुंदरलाल तुरुंगात गेले. हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे, ते पुढे मराठवाड्याच्या इतिहासात फार वेगळ्या कारणाने येणार आहे. जबलपूरनंतर लढ्याचे ठिकाण नागपूर झाले. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, चरख्याचा झेंडा घेऊन निघालेल्या स्वयंसेवकांना गोऱ्यांच्या वस्तीत, म्हणजे सिव्हिल लाइन्समध्ये, जाऊ दिले नाही. १ मेपासून रीतसर सत्याग्रह सुरू झाला. त्याची पद्धत साधी होती. रोज एक छोटी तुकडी झेंडा घेऊन ठरलेल्या रस्त्याने निघायची, ठरलेल्या जागी पकडली जायची आणि दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी तोच रस्ता धरायची. जून महिन्यात जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेलांनी येऊन सूत्रे हाती घेतली. गुजरात, बिहार, कर्नाटक, तमिळ मुलूख असे सगळीकडून स्वयंसेवक येत राहिले. दीड हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेल्यावर १८ ऑगस्टला शंभर जणांची मिरवणूक झेंड्यासह त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली. जो रस्ता चालून जायला काही मिनिटे लागतात तो ओलांडायला साडेतीन महिने लागले. हा आकडा मला फार बोलका वाटतो. या सत्याग्रहात अंतराला काही किंमतच नव्हती. सरकारला नमवले ते उद्या येणाऱ्या तुकडीच्या खात्रीने. आज पकडलेल्यांना शिक्षा देता येत होती, पण न संपणाऱ्या रांगेला कोणती शिक्षा द्यायची याचे उत्तर सरकारकडे नव्हते.

नागपूरच्या तुरुंगात एक गोष्ट आणखी ठरली. माफी लिहून देऊन सुटण्याचा मार्ग मोकळा असताना हुबळीकडून आलेल्या स्वयंसेवकांनी तो नाकारला, आणि असा टिकाव धरणारी माणसे योगायोगाने मिळत नाहीत, ती घडवावी लागतात, हे डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हेरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काकीनाडा अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली. पुढे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ध्वजवंदन करण्याचा जो प्रघात सेवा दलाने देशभर पाडला, त्याचे मूळ या तुरुंगात आहे. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले. मुंबईत जिथे १८८५ साली काँग्रेस जन्मली तिथून पेटवलेली ज्योत धावपटूंनी हातोहात फैजपूरपर्यंत आणली. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये ऑलिंपियाहून बर्लिनपर्यंत तीन हजारांहून अधिक धावपटूंनी पहिली ऑलिंपिक मशाल नेली होती. दोन्ही धावा वरवर सारख्या दिसतात, पण बर्लिनची धाव एका हुकूमशाहीने स्वतःच्या वैभवासाठी मांडलेली होती. तिच्यातल्या एकाही धावपटूला वाटेत अटक होण्याची भीती नव्हती आणि मशाल पोचल्यावर त्याच्यावर काही जबाबदारीही उरत नव्हती. फैजपूरला ज्योत घेऊन आलेल्या तरुणांतून, आणि ती पाहायला बैलगाड्यांनी आलेल्या खानदेशातल्या शेतकऱ्यांतून, पुढच्या लढ्यांना माणसे मिळाली. बाह्य रूप एकच असले तरी धावेमागे कोण उभा आहे यावर तिचा अर्थ ठरतो, आणि त्या अर्थाचे जोखीम हे मोठे अंग आहे.

निजामाच्या राज्यात ही रीत १९३८ साली आली. तिथे सभा घ्यायची तर त्रेपन्न क्रमांकाच्या गश्तीने, म्हणजे सरकारी फर्मानाने, पूर्वपरवानगी लागे आणि तालमी-आखाड्यांवरही सरकारची नजर असे. राज्यातल्या मराठी भागाच्या महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने परतूरला १९३७मध्ये, लातूरला १९३८मध्ये आणि पुढे १९४१मध्ये उमरीला भरली. वाचनालये आणि खाजगी शाळा हेच काय ते मोकळ्या श्वासाचे कोपरे होते. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. तेव्हा २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. ती तुरुंगात गेली आणि लगेच स्वामी रामानंद तीर्थ दुसरी तुकडी घेऊन पुढे झाले. नागपूरचाच क्रम इथे पुन्हा दिसतो. फरक एवढाच की, नागपूरला देशभरातून माणसे पोचत होती आणि इथे ती राज्यातूनच उभी करायची होती, तीही मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तिन्ही भागांतून. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. आर्य समाजाच्या सत्याग्रहात तर सोलापूरला तळ देऊन पंजाबापर्यंतचे जत्थे एकामागून एक राज्यात शिरत होते, आणि 'ओम्'चा ध्वज लावण्याचा हक्क हा त्यांच्या गाऱ्हाण्यांपैकी एक होता. म्हणजे १९३८-३९मध्येच या राज्यातल्या माणसांना दोन धडे मिळाले होते. झेंडा घेऊन निघालेला माणूस पकडला जाणार हा पहिला, आणि त्याच्यामागे कोण निघणार हे आधी ठरलेले असले पाहिजे हा दुसरा.

१९४७ साली हे धडे कामी आले. जूनमध्ये निजामाने आपले राज्य स्वतंत्र राहील असे जाहीर केले. २२ जुलैला घटना समितीने चक्रांकित तिरंगा स्वीकारला. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने राज्यभर 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' हा दिवस पाळला आणि १५ ऑगस्टला, बंदी असूनही, ध्वजारोहण करायचे ठरवले. नव्या झेंड्याचा नमुना ठरून अवघे चोवीस दिवस झाले होते, राज्याच्या हद्दीवर करोडगिरीची नाकी होती, पोलीस सावध होते, आणि निजामाच्या बाजूने उभी असलेली रझाकारांची संघटना लातूरचा वकील कासिम रझवी याच्या हाती गेलेली होती. स्वामीजींना त्या दिवशी पहाटेच अटक झाली. तरीही हैदराबादेत सुलतान बाजारात झेंडा लागला आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी लागला. कापड मिळवणे, ते रंगवणे, शिवणे, वाड्यात किंवा धान्यात लपवणे, रात्री दुसऱ्या गावच्या माणसाच्या हाती देणे, ही सारी कामे वेगवेगळ्या माणसांची असल्याशिवाय हे शक्य नव्हते. पकडला जाणार तो पहाटे काठी उभी करणारा, पण त्याच्यामागच्या साखळीतले बाकीचे हात मोकळे राहायला हवे होते, कारण झेंडा उतरवला गेला की दुसरा लागणार होता. पुढच्या काही महिन्यांत झेंडा सत्याग्रहाच्या जोडीला जंगल सत्याग्रह आला, शिंदीची झाडे तोडणे आले, लेव्हीचे धान्य न देणे आले, पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे आले. या प्रत्येक कामासाठी गावात कुणावर विसंबायचे हे १५ ऑगस्टच्या आसपासच कळून चुकले होते. रात्री दारावर थाप पडल्यावर कोणी दार उघडले याची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही, पण गावाला ती पक्की ठाऊक असते.

या भागात तो विश्वास फुकट मिळालेला नव्हता. धर्माबादच्या दक्षिणेला, गोदावरीपलीकडे बिलोली तालुक्यात अर्जापूर आहे. तिथे २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठून तेव्हा तीन-चार महिनेच झाले होते आणि पानसरे उघडपणे, कायद्याच्या चौकटीत राहून काम करत होते. त्या एका घटनेने या पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळले. अर्जापूरच्या महाविद्यालयाला आणि धर्माबादच्या शाळेला आज हुतात्मा पानसरे यांचे नाव आहे, हे योग्यच झाले. पण नाव पाटीवर गेले की माणसाचे काम नजरेआड होते, म्हणून हेही सांगितले पाहिजे की पानसऱ्यांनंतर या तालुक्यातले काम थांबले नाही. वर्षभराच्या आत त्याच पट्ट्यात झेंडा हिंडू लागला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. झेंडे हिंडले म्हणून निजाम नमला असे नाही. तो नमला भारतीय लष्कराला. १३ सप्टेंबर १९४८ला फौजा शिरल्या आणि १७ तारखेला सारे संपले. तेरा महिन्यांत जे झेंड्यांनी झाले नाही ते पाच दिवसांत रणगाड्यांनी झाले, मग या कापडाच्या प्रवासाला एवढे महत्त्व कशाला? याचे उत्तर देताना आधी हे मान्य करायला हवे की लष्कराशिवाय निकाल लागला नसता. पण निकाल कशाचा लावायचा होता? निजामाचा दावा कायद्याचा होता. सार्वभौमत्व परत राजाकडे आले, म्हणून सामील व्हायचे की नाही हे राजाने ठरवायचे, असे त्याचे म्हणणे होते, आणि ऑगस्ट १९४८मध्ये त्याने हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत नेला. या दाव्याला उत्तर एकच होते, की राज्यातल्या दीड कोटीहून अधिक माणसांपैकी बहुसंख्यांना काय हवे आहे. राज्यात या प्रश्नावर मतदान झालेले नव्हते, वर्तमानपत्रांवर बंधने होती, सभा बंद होत्या. अशा वेळी बंदी असलेला झेंडा पुन्हा पुन्हा लागणे आणि तो लावणारी माणसे पुन्हा पुन्हा तुरुंगात जाणे हाच लोकमताचा उपलब्ध पुरावा होता. नोव्हेंबर १९४७मध्ये जैसे थे करार झाला तेव्हा भारत सरकार वाटाघाटी करत होते, वाट पाहत होते. ती वाट पाहण्याच्या काळात राज्यातली माणसे गप्प राहिली असती तर दिल्लीला पुढचे पाऊल उचलणे किती अवघड गेले असते याचा विचार आक्षेपकांनी करावा. सप्टेंबरात लष्कर ज्या रस्त्यांनी आले त्यांच्या कडेच्या गावांनी ते परके मानले नाही, कारण त्याच्या पुढे असलेला झेंडा त्या गावांना वर्षभर आधीपासून ओळखीचा होता.

दुसरा आक्षेप सशस्त्र लढ्याकडे बोट दाखवतो. उमरखेड, वाशीम, लोणार, बार्शी अशा ठिकाणी हद्दीबाहेर शिबिरे उभी राहिली, दिगंबरराव बिंदू आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या कृती समितीने ती चालवली, करोडगिरी नाक्यांवर आणि पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले. खरा लढा तो, झेंडा ही फक्त त्याची प्रस्तावना, असे म्हटले जाते. मला ही फारकत मान्य नाही. ३० जानेवारी १९४८ची उमरी बँकेची मोहीम पाहा. उमरी धर्माबादच्या अलीकडे, रेल्वेवरच. बँकेतली वीस लाखांवरची रक्कम उचलून ती पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या शिबिरात पोचवायची म्हणजे भोकर-हदगावच्या बाजूने रात्रीबेरात्री सबंध राज्याची उत्तर पट्टी ओलांडायची. हत्यारे घेऊन बँकेत शिरणारे काही जण होते. पण मधल्या वाटेवर आसरा देणारी, रस्ता दाखवणारी, तोंड बंद ठेवणारी गावे कुठून आली? झेंडा ज्या हातांनी पुढे सरकवला होता त्याच हातांनी ही रक्कमही पुढे सरकवली. आणि त्या रकमेचा हिशेब ठेवला गेला, तो पुढे सादर झाला, ही गोष्ट मला बंदुकीपेक्षा महत्त्वाची वाटते. या मोहिमेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या अनंत भालेरावांनी पुढे मराठवाड्याच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यात शिबिरांइतकीच गावे आहेत. हाती आलेले आपले नाही, ते पुढे द्यायचे आहे, ही शिस्त बंदुकीच्या शिक्षणात मिळत नाही. ती आधीच्या दहा वर्षांच्या तुकड्या-तुकड्यांच्या सत्याग्रहाने लावली होती. शिबिरांतली सगळीच माणसे तिला जागली असे कोणी म्हणणार नाही, आणि तसे न झाल्याचे परिणाम पुढच्या आक्षेपात येतात.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे आणि मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत तो बहुधा टाळला जातो. लष्कर आल्यानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यांत मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. नेहरूंनी पाहणीसाठी जे पथक पाठवले त्याचे प्रमुख होते पंडित सुंदरलाल, जबलपूरला १९२३ साली झेंडा घेऊन तुरुंगात गेलेले तेच. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक हानी झालेले जिल्हे सांगितले. आजचा लातूर जिल्हा तेव्हा मुख्यतः उस्मानाबाद आणि बीदरमध्ये होता. हा अहवाल अनेक दशके सरकारी दप्तरात बंद राहिला. मग ज्या झेंड्याच्या प्रवासाचे गुणगान करायचे तोच झेंडा या माणसांच्या दारात कोणत्या रूपात पोचला, असे कोणी विचारले तर काय सांगायचे? रझाकारांचे अत्याचार खरे होते, कंधार तालुक्यातल्या कल्हाळीसारख्या गावांनी त्यांची किंमत मोजली आहे, पण त्यांनी सप्टेंबरनंतरच्या हत्यांचे समर्थन होत नाही. झेंडा वाहणाऱ्यांत हिंदूच होते असेही नाही. 'इमरोज'चा संपादक शोएबुल्लाखान विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत मारला गेला. रझवीच्या नावावर एक वल्गना आहे, लाल किल्ल्यावर आसफिया झेंडा लावण्याची. त्याचा झेंडा दुसऱ्याच्या घरावर रोवण्यासाठी होता. तिरंगा त्याहून वेगळा होता तो एवढ्याचसाठी, की तो दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी निघाला होता. सप्टेंबर १९४८नंतर काही हातांनी तो रझवीच्या पद्धतीने धरला. ते या इतिहासाबाहेरचे काही नाही, याच इतिहासात घडलेले पतन आहे, आणि ते नोंदवणारा माणूस झेंडा सत्याग्रहाच्या पहिल्या फळीतलाच होता. नागपूर-जबलपूरच्या शिस्तीचा याहून मोठा वारसा मला दिसत नाही. आपल्याच बाजूने केलेला अपराध लिहून ठेवायला सुंदरलाल कचरले नाहीत.

झेंडा जिथे बनतो ती जागा या हकिकतीत सहसा येत नाही. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. त्यासाठीची खादी उदगीरला विणली जाते, शिलाई नांदेडला होते आणि तिथून ध्वज अनेक राज्यांत जातात. ज्या मुलखात १९४७ला झेंडा शिवणे गुन्हा होता तो मुलूख आज देशाला झेंडे पुरवतो, हे अभिमानाने सांगावे असेच आहे. पण त्यात एक काळजीही आहे. ध्वजसंहितेत डिसेंबर २०२१मध्ये दुरुस्ती होऊन यंत्रावर बनलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली आणि २०२२पासून घरोघरी तिरंगा लागू लागला. घरोघरी तो लागावा हे मलाही हवे आहे. सर्वसामान्य नागरिकाला वर्षभर झेंडा लावता यावा यासाठी २००२च्या संहितेपर्यंत आणि २००४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावे लागले होते, ते थांबणे अन्यायाचेच होते. तरी स्वस्त यंत्रध्वजाने एक गोष्ट केली. सूत कातणारी, माग चालवणारी, शिलाई करणारी माणसे साखळीतून बाहेर पडू लागली. झेंड्याचा प्रवास पहिल्या धावपटूपासून सुरू होतो असे मानले तर हा फरक किरकोळ आहे. १९४७ साली तो कापड मिळवणाऱ्यापासून सुरू होत होता, आणि तेच खरे असेल तर उदगीरचा विणकर हा पहिल्या टप्प्याचा स्वयंसेवक ठरतो.

आता आजच्या धावांकडे येऊ. १५ ऑगस्टला आणि १७ सप्टेंबरला दुचाकींच्या मिरवणुका निघतात, तरुणांची पथके तिरंगा घेऊन गावागावांतून धावतात. या सगळ्याला दिखाऊ म्हणून नाक मुरडणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. त्याने नवरात्रातल्या ज्योतीकडे पाहावे. घटस्थापनेच्या आधी धाराशिव, लातूर, सोलापूर भागांतली आणि कर्नाटकातलीही मुले तुळजापूरला जातात, ज्योत पेटवतात आणि अनवाणी, आळीपाळीने धावत ती आपल्या गावच्या देवीपुढे आणतात. वाटेत रॉकेल कोण देणार, टेम्पो कोणाचा, रात्री कोणत्या गावात फराळ, कोण किती धावेल, हे सगळे गावातली मंडळे ठरवतात. त्यासाठी कुठले सरकार परिपत्रक काढत नाही. शिवजयंतीला किल्ल्यांवरून येणारी शिवज्योत हीही याच जातीची. म्हणजे हातोहात नेण्याची विद्या या भागात जिवंत आहे आणि ती वरून लादलेली नाही. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५मध्ये कन्याकुमारीहून सायकली काढून तरुणांना काश्मीरपर्यंत नेले तेव्हा त्यांना हेच कळले होते. लांबचा प्रवास तरुण करतो, पण वाटेतले गाव त्याला जेवू घालते, त्याच्याशी वाद घालते, त्याच्याबरोबर चार मैल चालते, आणि एकोपा त्या गावातून तयार होतो. वाहनांच्या ताफ्याला गावाची गरज लागत नाही, म्हणून तो गावाला काही देतही नाही. आजच्या झेंडाधावेबद्दल माझी एवढीच तक्रार आहे. तिच्यातला उत्साह खोटा नाही, पण तिच्या वाटेवर पुढचा हात शोधण्याचे काम उरलेले नाही.

तो हात शोधता येईल अशी वाट धर्माबादच्या दाराशी आहे. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन असतो. बासरच्या बाजूला तेलंगणात त्याच तारखेला केंद्र सरकारचे नाव वेगळे आणि राज्य सरकारचे वेगळे, तेही सरकार बदलले की बदलणारे. खाली गुलबर्ग्याकडे कर्नाटक सरकार कल्याण कर्नाटक उत्सव करते. एकाच राज्यातून, एकाच दिवशी, एकाच झेंड्याखाली आलेल्या माणसांना आज एकमेकांचा दिवस ठाऊक नसतो. स्वयंसेवकांनी धाव काढायचीच असेल तर ती उमरखेडहून काढावी, पैनगंगा ओलांडून हदगाव, भोकरवरून उमरीला यावे, गोदावरी पार करून पानसरे जिथे मारले गेले त्या अर्जापूरला जावे, परत धर्माबादला येऊन झेंडा बासरच्या तेलुगू मुलांच्या हाती द्यावा आणि त्यांनी तो निजामाबादकडे न्यावा. दुसरी फांदी कंधार, उदगीर, लातूरकडे जाईल, झेंडा उदगीरच्या खादीचा असेल. वाटेवर १९४८च्या सप्टेंबरनंतर ज्या वस्त्या ओस पडल्या तिथेही ही धाव थांबावी आणि तिथल्या मशिदीपाशी उभ्या असलेल्या पोरांना पुढचा टप्पा द्यावा. हे करायला दोन राज्यांतल्या शाळांनी, खादी समितीने आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने एकत्र बसावे लागेल, गावागावांत आधी माणूस पाठवावा लागेल, आणि कोणता टप्पा कोणाचा यावर बरीच भांडणे होतील. १९४७मध्येही ती झाली असणार, तरी पंधरा ऑगस्टच्या आत सगळे टप्पे ठरले होते.